एडिंबरोंतील एक जुनें घर

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हिची जुनी वस्ती एका लांबट टेकडीच्या धारेवर पसरलेली आहे. पश्चिमेच्या टोकास किल्ला, पूर्वेस होलीरूडचा राजवाडा, आणि या दोहोंस जोडणारा एक मोठा रस्ता. इ. स. १५१३ मध्यें फ्लॉडनच्या लढाईंत स्कॉटिश सैन्याचा मोड होऊन राजा चौथा जेम्स पडला. इंग्रजांच्या भीतीनें शहरास नवा तट घालण्यांत आला. तटाच्या आंत जागा थोडी आणि वस्ती मात्र वाढती. तेव्हां घरें आडवीं न वाढतां उंच वाढूं लागलीं. अशा उंच घरास तेथें 'लँड' म्हणत.

किल्ल्याजवळच्या लॉनमार्केट भागांतील 'ग्लॅडस्टोन्स लँड' हें अशांपैकीं एक सहा मजली घर. सोळाव्या शतकांतील ही इमारत १६१७ सालीं टॉमस ग्लेडस्टेन्स या व्यापाऱ्यानें व त्याची पत्नी बेसी कनिंगहॅम हिनें विकत घेतली. त्यानें घराचा दर्शनी भाग रस्त्याच्या बाजूस पुढें आणला. तळाशीं दगडी कमानी घातल्या व त्यांच्या आड दुकानें ठेवलीं. बाहेरच्या दगडी पायऱ्यांवरून पहिल्या मजल्यावर जावें आणि तेथून चक्री जिन्यानें वर चढावें, अशी रचना होती. खिडक्यांच्या वरच्या अर्ध्या भागास शिशाच्या पट्ट्यांत बसविलेली कांच, खालच्या अर्ध्यास लांकडी झडपा.

घर ग्लेडस्टेन्सनें केवळ स्वतःपुरतें ठेविलें नाहीं. त्याच्या भाडेकरूंत एक धर्मोपदेशक होता, एक व्यापारी होता, आणि 'सर' ही पदवी धारण करणारे एक मानकरीहि होते. आज अशीं माणसें वेगवेगळ्या पेठांत राहतील. तेथें तीं एकाच जिन्यानें चढत उतरत असत. पाणी व जळणहि त्याच जिन्यानें वर न्यावें लागे.

१६२० मध्यें एका दालनाची लांकडी तक्तपोशी सरसांत कालवलेल्या रंगांनीं रंगविण्यांत आली. तुळयांवर व फळ्यांवर फुलें, फळें व वेलपत्ती उमटली. स्कॉटलंडच्या काळोख्या हिवाळ्यांत, मेणबत्तीच्या उजेडांत, तें रंगकाम घराला केवढी ऊब देत असेल!

१७६७ सालीं शहराबाहेर नव्या वस्तीचा आराखडा मंजूर झाला आणि श्रीमंत मंडळी हळूहळू तिकडे निघून गेली. जुन्या घरांत गरिबांचीं बिऱ्हाडें दाटलीं. रंगीत तक्तपोशी गिलाव्याखालीं गेली, कमानी दुकानांच्या नव्या दर्शनी भागाआड लपल्या. अखेर १९३४ सालीं घर राहण्यास अयोग्य ठरून तें पाडण्याची वेळ आली. त्याच वर्षीं, १९३१ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे तें आलें व वांचलें. दुरुस्तीच्या वेळीं गिलावा निघाला आणि विस्मृतींत गेलेले रंग पुन्हां प्रकाशांत आले.

दारावर आज सोनेरी पक्ष्याची खूण आहे. स्कॉट भाषेंत 'ग्लेड' म्हणजे घार. मालकाच्या नांवावरून ही खूण सुचली. राजांचे महाल राजांच्या नांवानें टिकतात. या घरांत राजा कोणी राहिला नाहीं. येथें दुकानदार, भाडेकरू व त्यांचीं मुलेंबाळें राहिलीं. जुन्या काळचें शहर प्रत्यक्ष कसें जगत होतें, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें राजवाड्याइतकेंच हेंहि घर पहावें.