कोकणकड्यावरची सावली

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना सावर्णे गावाशी उतरून आत चालू लागले की बेलपाडा लागते. गावाच्या डोक्यावरच हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. 'उभा कडा' हे शब्द इथे कमी पडतात, कारण तो मध्ये आत वळलेला आहे. माथा पुढे, पोट आत. भिंतीची उंची सुमारे अर्धा किलोमीटर. सह्याद्रीचा पश्चिम उतार तीव्र आणि पूर्व उतार सौम्य, असे आपण भूगोलाच्या तासाला सांगतो. ते वाक्य ज्याला एकदाच पण कायमचे समजून घ्यायचे असेल, त्याने बेलपाड्याच्या एखाद्या भातखाचरात उभे राहून वर पाहावे.

एका डिसेंबरात आम्ही सहा जण नळीच्या वाटेने हा गड चढलो. त्यांत शहापूरकडचे दोन शिक्षक होते आणि बारावीतले दोन विद्यार्थी. वाटाडे म्हणून बेलपाड्यातले एक गृहस्थ बरोबर होते. गावात लहानथोर त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. नळी म्हणजे कड्याला लागून वर जाणारी अरुंद घळ. धोंड्यांनी भरलेली, आणि काही ठिकाणी दोर लावावाच लागतो अशी. माहीतगार माणसाशिवाय तिथे जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच जाऊ नये. आमच्या पिशवीत दोन जादा वस्तू होत्या. एक, शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा तापमापक. दुसरी, १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स'मध्ये छापलेल्या एका निबंधाची छायाप्रत.

निबंधाचा लेखक विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२). कंपनीच्या मुंबई सैन्यातला हा अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि पुढची काही वर्षे तो हा मुलूख पालथा घालत हिंडला. त्याने शेती, लोकसंख्या, पक्षी, मासे, खडक, हवामान असे काहीच सोडले नाही. मुरबाड आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखाकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले तेही त्यानेच. चंडोलाची एक जात आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. इतक्या विषयांत हात घालणारा माणूस सगळीकडे खोल जाऊ शकत नाही हे खरे, पण मोजल्याशिवाय लिहायचे नाही ही त्याची सवय मात्र पक्की होती.

१८३५ चा तो निबंध दख्खनच्या हवामानाविषयी आहे. त्याचा बराचसा भाग वायुभारमापकाच्या नोंदींचा. हवेचा दाब रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चार-पाचला सर्वांत कमी होतो; रात्री हेच चक्र पुन्हा, जरा मंद. सूर्याच्या उष्णतेमुळे साऱ्या वातावरणात उठणाऱ्या या लाटा आहेत. आपल्याकडे दिवसभरात हा फरक तीन-चार मिलिबारपर्यंत जातो. दाबावरून उंची काढणाऱ्याने ते लक्षात घेतले नाही, तर एकाच जागेची सकाळची आणि दुपारची उंची तीसेक मीटरने वेगळी येईल!

याच निबंधात हरिश्चंद्रगडावरचा एक परिच्छेद आहे, आणि आम्ही छायाप्रत जवळ बाळगली ती त्यासाठी. कोकणातून वर आलेले धुके कड्याच्या माथ्याच्या किंचित वर चढले होते. साइक्स अगदी काठावर, धुक्याच्या जरा बाहेर उभा होता. पाठीशी निरभ्र आकाशात सूर्य, क्षितिजापासून फारच थोडा वर. समोरच्या धुक्यात लख्ख रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले, निम्मे त्याच्या पातळीच्या वर आणि निम्मे खाली. वर्तुळाच्या मध्यभागी त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, चौकटीत बसवलेल्या चित्रासारखी. वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा असा त्याचा अंदाज, आणि त्याबाहेर फिकट रंगांचे दुसरे कडे. आपल्याकडचे गिर्यारोहक याला इंद्रवज्र म्हणतात.

गिर्यारोहणावरच्या मराठी लिखाणात 'साइक्सने १८३५ साली कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिले' असे वाक्य वारंवार येते. ते बरोबर नाही. साइक्स १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला. १८३५ हे निबंध छापल्याचे वर्ष आहे. दृश्य पाहिले ते त्याआधी, त्याच्या भ्रमंतीच्या काळात. एकाने छापल्याचे साल पाहिल्याचे म्हणून लिहिले आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतले, असे दिसते. दिवसाची वेळ मात्र ताडता येते. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. धुके कोकणात, म्हणजे समोर, आणि सूर्य पाठीशी. तेव्हा ती सकाळच असली पाहिजे.

त्या परिच्छेदाचा शेवटचा भाग आम्ही नळीतल्या एका मोठ्या धोंड्यावर बसून मुलांना मराठीत सांगितला. साइक्सच्या बरोबरच्या माणसांना, समोर दिसते ती आपलीच सावली आहे हे पटेना. मग त्यांनी हात हलवून पाहिले, पाय झटकले, अंग वाकडेतिकडे केले. वर्तुळातल्या आकृत्याही तसेच करतात का ते पाहिले. साइक्सने या माणसांच्या मनातल्या भावनेला अंधश्रद्धा म्हटले आहे, आणि ती ओसरायला थोडा वेळ लागला असे लिहिले आहे.

इथे आमचे साइक्सशी पटत नाही. साहेब म्हणतो म्हणून सावली, असे त्यांनी मानले नाही. कारण बदलून परिणाम बदलतो का ते पाहिले आणि मगच मान्य केले. आठवीच्या वर्गात आपण याला प्रयोग म्हणतो. त्या सकाळी कड्यावर झालेला प्रयोग या माणसांनी केला, आणि साइक्सने, नेहमी मोजमाप करणाऱ्याने, एका अंदाजावर भागवले. निबंधात त्या माणसांची नावे नाहीत. वाटाड्यांची, हमालांची नावे त्या काळच्या अशा निबंधांत येतच नसत.

साइक्सने फूट दिले, तिथे अंश द्यायला हवे होते. धुक्यातले वर्तुळ किती दूर आहे ते डोळ्यांना कळत नाही. कळतो तो फक्त कोन. इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश. म्हणजे साठ फूट व्यासाचे पूर्ण इंद्रधनुष्य दिसायचे तर ते डोळ्यांपासून सुमारे ३३ फुटांवर हवे. ग्लोरी नावाचा वेगळा प्रकार पुष्कळ लहान, त्रिज्या थोड्याच अंशांची. ती ५ अंश धरली तर साठ फुटांचे कडे सुमारे ३४० फुटांवर येते. साइक्सने पाहिले ते यांतले कोणते? त्याने स्वतः 'वर्तुळाकार इंद्रधनुष्य' म्हटले आहे. पण धुक्याचे थेंब इतके बारीक असतात की त्यांच्यात उमटणारे मोठे धनुष्य जवळजवळ पांढरे दिसते. लख्ख रंग आणि मधोमध सावली ही लक्षणे ग्लोरीची.

दुपार कलल्यावर आम्ही माथ्यावर पोचलो. कड्याच्या काठापासून चांगले दूर, आडोशाला स्टोव्ह पेटवला आणि ऊर्ध्वपातित पाणी उकळत ठेवले. हाही साइक्सचाच धडा. नाजूक, महाग वायुभारमापक प्रवासात फुटतात. त्यांच्याऐवजी साध्या तापमापकाने पाण्याचा उत्कलनबिंदू पाहून उंची काढता येते, असा निबंध त्याने १८३८ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला होता. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे १ अंश सेल्सिअसने उतरतो. ठाण्यात १०० दाखवणारा आमचा तापमापक इथे ९५ आणि ९६ च्या मधोमध थांबला. म्हणजे साडेतेराशे मीटर. गडाचे सर्वोच्च शिखर सुमारे १४२५ मीटर आहे आणि आम्ही त्याच्या खाली होतो, तेव्हा शाळेच्या तापमापकाच्या मानाने उत्तर वाईट नव्हते. अर्थात अर्धा अंश वाचण्यात चुकला तर दीडशे मीटर गेले, हेही मुलांनी लगेच हिशेब करून सांगितले. शहापूरच्या शिक्षकांना हा प्रयोग माहुलीवर करता येईल. माहुलीची उंची ८५८ मीटर. समुद्रकाठापेक्षा तिथे पाणी सुमारे पावणेतीन अंश आधी उकळायला हवे.

चहा झाल्यावर आम्ही मामांना विचारले, धुक्यात असे कडे कधी पाहिले आहे का?

"दोनदा," मामा म्हणाले. "पहिल्या बारीला भाऊ होता बरोबर. मी म्हणतो कडं माझ्या डोक्याला हाय, तो म्हणतो माझ्या. सर, भांडलो की आम्ही!"

आम्ही क्षणभर गप्प झालो. साइक्सच्या परिच्छेदात हा मुद्दा नाही. तो सापडतो थेट दक्षिण अमेरिकेत. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी १७३५ मध्ये निघालेल्या फ्रेंच मोहिमेतल्या बूगे आणि त्याच्या सोबत्यांनी, आजच्या एक्वाडोरमधल्या पांबामार्का डोंगरावर हेच कडे पाहिले, आणि प्रत्येकाला ते केवळ स्वतःच्या डोक्याभोवती दिसते अशी नोंद केली. कारण सरळ आहे. ग्लोरीचा प्रकाश थेंबांवरून जवळजवळ आल्या वाटेने मागे फिरतो, म्हणून कड्याचा मध्य सूर्याच्या बरोबर उलट दिशेला, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या सावलीवर पडतो. मामांच्या डोळ्यांना मामांचे कडे, भावाच्या डोळ्यांना भावाचे. दोघेही खरे बोलत होते.

प्रकाश असा मागे का फिरतो हे कारण मात्र सरळ नाही. गुस्ताव मी या शास्त्रज्ञाच्या १९०८ च्या समीकरणांतून ग्लोरीचे गणित सुटते, पण थेंबाच्या आत नेमके काय घडते यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही संशोधन चालू होते. आणि या कड्याचा एक वंशज भलत्याच ठिकाणी आहे. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरील वेधशाळेत सी. टी. आर. विल्सन याने ढगांवर असली प्रकाशचित्रे पाहिली. ती प्रयोगशाळेत करून पाहावीत म्हणून तो कृत्रिम ढग बनवू लागला. त्यातून क्लाउड चेंबर हे उपकरण निघाले. अणुगर्भातून सुटणाऱ्या कणांचे माग त्यात डोळ्यांना दिसू लागले, आणि १९२७ मध्ये विल्सनला नोबेल पारितोषिक मिळाले.

"केवढं होतं कडं?" एका विद्यार्थ्याने मामांना विचारले. मामांनी फूट सांगितले नाहीत. हात समोर ताठ केला, मूठ वळली आणि म्हणाले, "हे एवढं. मुठीत झाकंल."

ताठ हाताच्या टोकाशी मूठ साधारण १० अंशांचा कोन करते. म्हणजे त्रिज्या ५ अंश, ग्लोरीच! मामांच्या कड्यावरून साइक्सचे कडे तेवढेच होते असे म्हणता येणार नाही, कारण थेंब जितके बारीक तितके कडे मोठे, आणि धुके रोज सारखे नसते. पण साइक्सच्या परिच्छेदात जो आकडा हवा होता, तो या कड्यावरच्या निदान एका कड्यापुरता आम्हाला मिळाला. विद्यार्थ्याने तो वहीत लिहिला, पुढे कंसात मामांचे पूर्ण नाव आणि गाव.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही काठावर पालथे पडून राहिलो. धुके होते, पण फार खाली, बेलपाड्याच्या झाडांवर. उत्तरेला शहापूर तालुक्यातला आजोबा डोंगर उन्हात लख्ख निघाला. आठ वाजता मामा उठले. धुके आज वर येत नाही म्हणाले. उतरायला आम्ही पाचनईची सोपी वाट धरली. मामांना घरी काम होते, ते नळीनेच एकटे परत जाणार होते. निघताना त्यांनी विचारले, "सर, त्या सायबाच्या बरोबर घोडा होता म्हणालात ना?"

"होता."

"मग तो आमच्याकडून नाही आला. नळीनं घोडा चढत नाही. पाचनईकडून नाहीतर टोलार खिंडीतून आला असंल, घाटावरून."

नकाशा काढून पाहिला. मामांचे म्हणणे बरोबर होते.