ऋतुमान आणि श्रावकाचे स्वयंपाकघर

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ट्रस्टच्या वास्तूचा, दात्यांचा आणि कार्यकर्त्यांचा इतिहास लिहिला जाणे उचितच आहे. परंतु समाजाचा इतिहास केवळ मंदिराच्या शिलालेखात व संस्थेच्या इतिवृत्तात नसतो. तो चुलीपाशीही घडत असतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील आपल्या जैन घरांत कोणत्या महिन्यात काय शिजत असे, काय वर्ज्य होते आणि का, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा अल्प प्रयत्न आहे.

आपला आहार म्हणजे कांदा, लसूण, बटाटा न खाणे, अशी एक सोपी समजूत आता रूढ झाली आहे. इतरेजन आपल्याला तसेच ओळखतात आणि आपली मुलेही तसेच सांगतात. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. इतिहास पाहता असे दिसते की, आपल्या पूर्वजांच्या हाती केवळ निषिद्ध पदार्थांची यादी नव्हती. पदार्थ पारखण्याची एक दृष्टी त्यांच्यापाशी होती आणि त्या दृष्टीत ऋतूला फार मोठे स्थान होते.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात मुळा, आले, लोणी, कडुनिंबाचा मोहर व केतकीचे फूल या वस्तूंचा त्याग सांगितला आहे. कारण असे की, त्यांपासून लाभ थोडा व जीवघात अधिक. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, आचार्यांनी निषेधाबरोबर कारणही दिले. दुसरी, आले वर्ज्य सांगताना ते 'ओले' आहे, असा स्पष्ट उल्लेख केला. आपल्या घरांत आले नसले तरी सुंठ असते, ओली हळद नसली तरी हळकुंडाची पूड असते, त्यामागे हाच विवेक आहे. वाळलेला कंद पुन्हा रुजत नाही.

हळदीचे उदाहरण आपल्या भागाला विशेष जवळचे आहे. येथील जैन समाज प्रामुख्याने शेतकरी. हळद लावणारा, काढणारा, काहिलीत शिजवून वाळवणारा शेतकरी अनेकदा श्रावकच असे. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत ही वाळलेली हळद दीर्घकाळ साठवली जाई. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण जाणतोच. ज्याच्या शेतात कंद पिकतो त्याच्याच घरात तो ओला शिजत नाही, याचे परगावच्या पाहुण्यास नवल वाटे. घरातील स्त्रियांना मात्र त्यात विसंगती वाटत नसे.

आता बटाट्याकडे वळू. प्राचीन श्रावकाचार ग्रंथांत बटाट्याचे नावही नाही, कारण तो तेव्हा भारतात नव्हता. मूळ दक्षिण अमेरिकेतील हा कंद पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपण घेतला. त्याच सुमारास मिरची आली, पुढे भुईमूग व टोमॅटो आले. या नवागतांना श्रावकांनी एकाच मापाने मोजले नाही. बटाटा अनंतकाय म्हणून नाकारला. मिरची फळ म्हणून स्वीकारली. भुईमुगाची शेंग जमिनीखाली धरत असली तरी ती कंद नव्हे, बीज धारण करणारी शेंग आहे, हे ओळखून तिला घरात घेतले. कोल्हापूर-सांगलीचे तिखट आज प्रसिद्ध असले तरी त्यातील मिरची काही शतकांपूर्वीचीच पाहुणी आहे. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी व सुंठेचा होता.

पाकशास्त्राविषयी जैनांना अनास्था होती, असे मानण्याचेही कारण नाही. आपला प्रदेश दीर्घकाळ कन्नड संस्कृतीशी जोडलेला होता. त्या भाषेत चालुक्यकालीन जैन कवी दुसरा चावुंडराय याने अकराव्या शतकात 'लोकोपकार' हा ग्रंथ रचला. त्यात शेती व जलशोधनाबरोबर स्वयंपाकाचाही विचार आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसरा मंगरस या जैन कवीने 'सूपशास्त्र' हा स्वतंत्र पाकग्रंथ लिहिला. त्यात वांगी, फणस व केळी यांच्या अनेक कृती आढळतात. वांगे हे बहुबीज म्हणून काही परंपरांत वर्ज्य मानले जाते, हे लक्षात घेता, काळ, प्रदेश व आम्नाय यांनुसार बारकावे बदलत आले, हे उघड होते. मूळ अहिंसेचे सूत्र मात्र बदलले नाही.

या सूत्राचा ऋतूशी असलेला संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो मर्यादेच्या नियमांत. दिगंबर परंपरेच्या शुद्ध चौक्यात दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस व हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात ३ प्रहर, हिवाळ्यात ४ व उन्हाळ्यात ५ प्रहर आहे. आकडे निराळे, पण विचार एकच. हवेतील दमटपणा व उष्णता बदलली की अन्नात जीवोत्पत्ती होण्याचा काळही बदलतो. श्वेतांबर बांधवांत जूनच्या अखेरीस सूर्य आर्द्रा नक्षत्रात गेला की आंबा बंद करण्याची प्रथा आहे, तीही याच विचाराची.

या नियमांनुसार घराचे वर्ष आखलेले असे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेवया, सांडगे, कुरडया वाळत. आषाढात चातुर्मास सुरू झाला की पालेभाज्या बंद होत आणि तूर, मूग, मटकी, चवळी व हुलगा यांवर स्वयंपाक चाले. अंकुरित धान्य वर्ज्य मानणाऱ्या घरांत कडधान्य भिजवले जाई, पण मोड येऊ दिले जात नसत. पावसाच्या गारठ्यात हुलग्याचे माडगे असे. द्विदल दोष टळावा म्हणून ताक आधी तापवून मगच त्यास बेसन लावून कढी केली जाई. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे उपवास व एकासने होत. कार्तिकानंतर हिरवी भाजी पुन्हा घरात येई आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची पहिली भाजी हा एक छोटा सणच असे. अष्टमी-चतुर्दशीचा हिरवीचा त्याग व सूर्यास्तापूर्वीचे भोजन मात्र बाराही महिने.

लहानपणी मी आजीला विचारले होते, "पावसाळ्यात पीठ तीनच दिवस का गं?" तिने माझा हात पिठाच्या डब्यात घातला आणि म्हणाली, "बघ, गार लागतंय का? गोळा होतंय का? मग त्यात जीव व्हायला किती वेळ?" ग्रंथातील नियम तिला पाठ होता, पण त्याचे प्रमाण तिच्या बोटांत होते. शेवयांच्या गव्हाला किती पाणी मारावे, डाळीला जाळी लागण्याआधी ती कशी ओळखावी, हे सारे तिला ठाऊक होते. ती गेली तेव्हा त्यातील फारच थोडे आम्हा भावंडांना सांगता येत होते. वहीत तर एक ओळही उतरलेली नव्हती.

आज शीतपेटीमुळे आणि बारमाही बाजारामुळे ऋतू स्वयंपाकघराबाहेर गेला आहे. श्रावणात मेथी मिळते आणि पुड्यातील पिठावर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते. अशा वेळी केवळ यादी हाती उरली, तर उद्या एखादा नवा पदार्थ समोर येताच आपण गोंधळून जाऊ. यादीत नाही म्हणून तो खाऊ, किंवा कारण न जाणता नाकारू. बटाटा आणि भुईमूग यांतील भेद ओळखणारी आपल्या आज्या-पणज्यांची दृष्टी मात्र हरवलेली असेल. विशेष म्हणजे ही दृष्टी जतन करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या आणि आपल्या संस्थांच्या इतिवृत्तांत त्यांच्या या कार्याची नोंद क्वचितच सापडते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक नम्र विनंती करावीशी वाटते. प्रत्येक कुटुंबाने घरातील ज्येष्ठ मातेजवळ बसून बारा महिन्यांच्या स्वयंपाकाची एक वही लिहून काढावी. काय करत असत एवढेच लिहून थांबू नये, का करत असत तेही विचारावे. अशा वह्या ट्रस्टच्या ग्रंथालयात एकत्र झाल्या, तर हीरकमहोत्सवाच्या स्मरणिकेत हा इतिहास लिहिणाऱ्यास माझ्याप्रमाणे तुटपुंज्या आठवणींवर विसंबावे लागणार नाही.

जय जिनेंद्र!