काचेवरचे शेंडेनक्षत्र

धूमकेतूला आपल्या आज्या-पणज्या शेंडेनक्षत्र म्हणत, आणि ते उगवले की राज्यावर संकट येणार असे मानीत. 1858 सालचे शेंडेनक्षत्र या समजुतीला फारच सोयीचे ठरले. इटलीतील ज्योतिर्विद दोनाती यांना ते जूनमध्ये सापडले. ऑक्टोबरात संध्याकाळी पश्चिमेस त्याची तुऱ्यासारखी शेपटी झळकू लागली. आणि 1 नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा वाचला जाऊन हिंदुस्थानातले कंपनीचे राज्य संपले!

परंतु या धूमकेतूची खरी अपूर्वाई निराळीच आहे. छायाचित्रात उतरलेला हा पहिला धूमकेतू. 27 सप्टेंबरला इंग्लंडात विल्यम अशरवुड या चित्रकाराने सात सेकंदांत त्याची प्रतिमा काचेवर घेतली. दुसऱ्याच रात्री अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत बाँड यांनी मोठी दुर्बीण लावली; पण सहा मिनिटांत उमटले ते जवळजवळ डोकेच.

मुंबईही या विद्येत मागे नव्हती. छायाचित्रकारांची सोसायटी येथे 1854 मध्येच निघाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कारभारात होते. रस्त्यावर गॅसचे दिवे यावयाचे होते 1865 साली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तर साष्टी बेटावरची खेडी. आकाश काळेभोर होते. उणी होती ती काच. तिच्यावरचा रसायनाचा लेप ओला असेतोच, दहा-पंधरा मिनिटांत, सारे उरकावे लागे. फिक्या शेपटीला तेवढा वेळ कोठून पुरणार?

कोरडी काच निघाली आणि ही अडचण सरली. 1882 च्या महान धूमकेतूसाठी डेव्हिड गिल यांनी दक्षिण आफ्रिकेत केप येथे तासाहून अधिक वेळ काच उघडी ठेवली. धूमकेतूमागे शेकडो तारे उमटले! त्यातूनच अवघ्या आकाशाचा छायाचित्र-नकाशा करण्याचा बेत 1887 मध्ये पॅरिसला ठरला. पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही त्यातला वाटा उचलला. आणि योग पाहा, त्याच 1882 साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले.

काच डोळस होत गेली, तसे आकाश फिके पडत गेले. 12 ऑक्टोबर 2024 रोजी, ऐन दसऱ्याला, त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरांवर आला, आणि पुढे काही दिवस सूर्यास्तानंतर पश्चिमेस राहिला. अंधेरी-बोरिवलीच्या पश्चिमेस समुद्राचे मोकळे क्षितिज आहे. मुलुंडला मात्र डोंगर आड येतो. आजचा कॅमेरा तिवईवर ठेवून काही सेकंद उघडला की अशा पाहुण्याची शेपटीसुद्धा टिपतो. पण शहरात ते सेकंद वाढवावेत, तर शेपटीआधी दिव्यांनी उजळलेले धुरकट आकाशच चित्रात भरते. कॅमेरा कितीही तीक्ष्ण असला, तरी काळोख काही त्याला निर्माण करता येत नाही.

दिवाळीची पणती यात निरपराध आहे. तिचा उजेड अंगणापुरता. दोष आहे तो आभाळाकडे तोंड करून जळणाऱ्या दिव्यांचा. त्यांना वरून झाकण घातले तर रस्त्याला उजेड मिळतो आणि आकाशाला काळोख. दोनातीचा धूमकेतू परतावयास अजून शेकडो वर्षे आहेत. पण दुसरे एखादे शेंडेनक्षत्र केव्हाही येईल. तेव्हा मुलांना ते आपल्याच गच्चीवरून दाखविता यावे, एवढा काळोख आपण राखून ठेवावयास हवा.