सांजांव आणि विहिरीतल्या उड्या

सांजांव : बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण, २४ जून. कॅथलिक पंचांगात संतांचे दिवस बहुधा मृत्यूच्या तिथीला पडतात. जन्मदिवस पाळला जातो तो येशू, मारिया आणि योहान यांचाच. लूकच्या शुभवर्तमानानुसार मारियाला येशूच्या जन्माचा निरोप मिळाला तेव्हा योहानाची आई एलिझाबेथ हिला सहावा महिना होता. म्हणून हा दिवस नाताळच्या सहा महिने आधी. गोव्यात त्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून, घुमट या वाद्याच्या तालावर गावभर फिरत लोक भरल्या विहिरींत उड्या घेतात आणि नव्या जावयाचा सासुरवाडीत थाट असतो. मारियाची हाक ऐकून गर्भातल्या योहानाने उडी घेतली, त्या उडीची ही आठवण, असे श्रद्धावंत सांगतात.

हा मुळात पावसाचा जुना लोकोत्सव, त्यावर संताचे नाव नंतर चिकटले, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच पटतो. स्थानिक सण तिथीनुसार सरकतात. हा मात्र २४ जूनवरून हलत नाही, म्हणजे दिवस चर्चचाच. पोर्तुगालमध्ये याच सणाच्या रात्री शेकोट्या पेटतात. तिथे तो ऐन उन्हाळा. इथे मृगाच्या सरी कोसळून विहिरी तुडुंब. गर्भातल्या उडीचा अर्थ मागाहून जोडला असेलही, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. सणांचे अर्थ बहुतेक असेच जडतात.