नेताजी पालकर परत आले, पण कोणत्या घरी?

ऐतिहासिक चित्रपट ज्या काळावर असतो, त्याहून जास्त तो ज्या काळात निघतो त्या काळाबद्दल बोलतो. म्हणून असा चित्रपट पाहताना पडद्यावर काय चालले आहे एवढेच पाहू नका, पडद्याबाहेर तेव्हा काय चालले होते तेही विचारा, असे आम्ही अभ्यासवर्गातल्या मुलांना सांगतो.

१९७० सालचा 'पॅटन' हा अमेरिकी चित्रपट घ्या. जनरल पॅटन दुसऱ्या महायुद्धातला पराक्रमी पण वादग्रस्त सेनानी. १९४३ मध्ये सिसिलीत, लष्करी रुग्णालयातल्या खचलेल्या सैनिकांना त्याने थोबाडीत मारली होती. चित्रपट ही गोष्ट लपवत नाही, त्याला माफी मागावी लागली हेही दाखवतो. तरीही राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसवण्याच्या सुमारास हाच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला. सेनापती पडद्यावर असतो आणि राजकारण पडद्याबाहेर चालते, ते असे.

आपल्याकडचा असा सेनापती म्हणजे नेताजी पालकर. आमच्या कळंबोलीहून पनवेल ओलांडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालो की चौक गाव लागते. नेताजींचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. शिवाजी महाराजांचे सरनौबत, लोकांनी ज्यांना 'प्रतिशिवाजी' म्हटले ते हे नेताजी. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरच्या हल्ल्यात ते वेळेवर पोहोचले नाहीत, मोहीम फसली आणि महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. नेताजी आधी आदिलशाहीत गेले. मग मिर्झाराजे जयसिंगाने पाच हजारांची मनसब देऊन त्यांना मोगलांकडे ओढले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करवले. १६६७ मध्ये कैदेत त्यांचे धर्मांतर झाले, मुहम्मद कुलीखान असे नाव मिळाले आणि त्यांची रवानगी काबूलकडे झाली. सुमारे नऊ वर्षांनी, १६७६ मध्ये, ते महाराजांकडे परत आले. महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले.

गेलेला माणूस परत घेता येत नाही, असे धर्मशास्त्राचे ठेकेदार सांगत असतानाच्या काळात हा निर्णय झाला, हे आम्ही मान्य करतो. त्याआधी दोनच वर्षे, राज्याभिषेकाच्या वेळी, याच ठेकेदारांनी खुद्द महाराजांच्या क्षत्रियत्वावर शंका घेतली होती. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्या राज्याभिषेकाची सविस्तर चिकित्सा केली आहे. अशा परिस्थितीत नेताजींना जवळ करणे हे राजाचे धाडस होते. त्या धाडसाचा आम्हाला आदरच आहे.

आमचा प्रश्न महाराजांना नाही, त्यांच्या नावाने आज घरवापसीचा बाजार मांडणाऱ्यांना आहे.

'नेताजी पालकर' नावाचा मूकपट १९२७ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढला. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शनातले हे पहिले पाऊल, केशवराव धायबर यांच्या जोडीने टाकलेले. पुढे बोलपटातही हा विषय आला. पण आम्हाला थांबवते ते १९२७ हे साल. शुद्धी चळवळीचे नेते स्वामी श्रद्धानंद यांची डिसेंबर १९२६ मध्ये हत्या झाली होती आणि देशभर 'शुद्धी' हा शब्द तापलेला होता. त्याच १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली गेली.

आणि तळ्याचे काय झाले? अस्पृश्यांनी पाणी प्याले म्हणून सनातन्यांनी ते 'शुद्ध' केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. महाड आणि चौक दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली गावे. एकाच जिल्ह्याशी जोडलेले शुद्धीचे हे दोन अर्थ शेजारी ठेवून पाहा. नेताजींच्या शुद्धीने गेलेला माणूस आत आला. तळ्याच्या शुद्धीने इथलीच, कुठेही न गेलेली माणसे बाहेर लोटली गेली. नेताजी नऊ वर्षे मुसलमान राहून शुद्ध होऊ शकले. महाडचा महार जन्मभर हिंदू राहूनही पाण्याला हात लावताच पाणी बाटले!

हे असे का होते, याचे उत्तर बाबासाहेबांनी 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' मध्ये १९३६ साली दिले आहे. शुद्धीची गाडी एका प्रश्नापाशी अडते: परत आलेल्याला कोणत्या जातीत बसवायचे? जात ही जन्माने मिळते, तिच्यात बाहेरच्याला दार नाही. नेताजींच्या बाबतीत हा प्रश्न राजाच्या शब्दाने सुटला, कारण ते सरदार होते आणि त्यांच्यासाठी शिडीवर एक पायरी होती. ज्यांच्यासाठी शिडीच नव्हती, त्यांनी परत यायचे म्हणजे कुठे यायचे? वेशीबाहेर? गडांच्या घेऱ्यात चौक्या-पहारे सांभाळणारे महार, मांग, रामोशी, कोळी होते. त्यांच्या निष्ठेवर राज्य टिकले. त्यांच्या 'घरी येण्यावर' कुणी चित्रपट काढला का?

आज वस्तीतल्या पोरांच्या मोबाइलवर नेताजींच्या पुनरागमनाच्या चित्रफिती फिरतात. खाली कुणीतरी हमखास विचारतो, "तुम्ही बौद्ध लोक कधी परत येणार?" पोरे गडबडतात, कारण महाराज त्यांनाही प्रिय आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. नेताजींचे धर्मांतर कैदेत झाले, ती बळजबरी होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी घेतलेली दीक्षा ही स्वतःच्या इच्छेने घेतलेली होती. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी २१ वर्षे अभ्यास केला, पारख केली आणि मग पाऊल टाकले. बळजबरीने नेलेला माणूस परत येतो, हे आम्ही समजू शकतो. विचार करून निघालेल्या माणसाला परत बोलावणाऱ्याने आधी घरात काय बदलले ते दाखवावे.

कुणी पुन्हा विचारले तर भांडू नका, शिवीही देऊ नका. शांतपणे उलट विचारा: आम्ही आलो तर कोणत्या जातीत घेणार? आमच्या मुलीशी तुमच्या मुलाचे लग्न लावणार का? नेताजी पालकरांना घर होते, म्हणून ते परतले. आम्ही घर सोडून गेलो नाही. आम्हाला घर नव्हते, ते बाबासाहेबांनी बांधून दिले आणि आम्ही त्यात राहतो.

जय भीम!