वाक्यातील कर्त्याचे स्थान

वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग आपणांस शाळेत शिकविले जातात. त्यामुळे कर्ता हा धनी व क्रियापद हे त्याचे सेवक, असा समज दृढ होतो. ही विभागणी मूळची ग्रीक तर्कशास्त्रातील. फ्रेंच पंडित ल्यूसियाँ तेन्येर याने ती नाकारली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९५९ साली, प्रसिद्ध झाला. त्याच्या मते वाक्य हे एक छोटे नाटक होय. क्रियापद ही त्यातील मुख्य घटना आणि कर्ता, कर्म ही तीवर अवलंबून असलेली पात्रे. कर्ता हे पहिले पात्र खरे, पण धनी नव्हे.

देवळात पुराण ऐकणाऱ्यांस हा विचार परका वाटू नये. श्लोकाचा खंडान्वय लावणारे शास्त्री प्रथम क्रियापद गाठतात, मग ‘कोण?’, ‘कोणास?’ असे विचारीत एकेक पद त्यास जोडतात. आपल्याकडे या प्रश्नावर जुना वादही आहे. वाक्यार्थात प्रथमान्त पदाचा अर्थ मुख्य, असे नैयायिक म्हणत. क्रियाच मुख्य, असे वैयाकरण म्हणत. सतराव्या शतकात कौंडभट्टाने वैयाकरणांचा पक्ष हिरिरीने मांडला.

आमच्या वडगावात मराठी व कानडी एकाच वेळी कानांवर पडतात. कानडीत ‘रामनु रावणनन्नु कोंदनु’ म्हटले, की क्रियापद रामाच्या मागे जाते. मराठीत ‘रामाने रावणास मारिले’ यात ते कोणाच्याच मागे जात नाही. ‘रामाने भाकरी खाल्ली’, कोंकणीत ‘रामान भाकरी खाली’, येथे ते भाकरीच्या मागे जाते. केवळ प्रथमा विभक्ती व क्रियापदाची जुळणी पाहून धनी ठरवू गेल्यास भाकरीच कर्ता ठरेल!

पाणिनीने ही अडचण आधीच ओळखली होती. कर्तृत्व त्याने विभक्तीवर नव्हे, तर क्रियेतील स्वातंत्र्यावर ठरविले. म्हणूनच तृतीयेतील रामही कर्ताच राहतो. कारकप्रकरणात कर्ता शेवटी येतो, आणि दोन कारकसंज्ञांचा विरोध आल्यास नंतरची बलवत्तर ठरते. तेव्हा तेन्येरहून पाणिनीने कर्त्यास अधिक मान दिला, असे आम्हांस वाटते.

आम्हां वकिलांस हा भेद नित्य भेटतो. ‘रक्कम दिली’ एवढेच लिहिलेल्या कागदात व्याकरणाची चूक नाही; पण ‘कोणी?’ हा प्रश्न त्या क्रियापदातच दडलेला असतो. लिहिणाऱ्याने त्याचे उत्तर दिले नाही, तर ते पुढे न्यायालयास शोधावे लागते. कर्ता वाक्याचा राजा नसेलही, तथापि केलेल्या कर्माचा जाब त्यालाच द्यावा लागतो.