तिसावा वाढदिवस, माथेरान आणि रविवारची सुट्टी

आजचा एपिसोड खरं तर एका गुगल कॅलेंडरमुळे झालाय.

झालं असं, की डिसेंबरमध्ये बायकोचा तिसावा वाढदिवस. तिशी म्हणजे काय, तर पाठ दुखायला अधिकृत परवानगी, असं ती स्वतःच म्हणते. मी ठरवलं, या वेळी हॉटेलात जेवण आणि केक एवढ्यावर भागवायचं नाही. दोन दिवस, फक्त दोघं, झाडीत कुठेतरी, जिथे हॉर्न ऐकू येणार नाही. माथेरान. सरप्राइज द्यायचं होतं, पण लॅपटॉपवर टॅब उघडा राहिला आणि तिसऱ्याच दिवशी सगळं फुटलं. ते सोडा.

पहिली अडचण निघाली तारखेची. वाढदिवस येतोय शनिवारी, तोही महिन्यातल्या तिसऱ्या. मी आयटीवाला, मला सगळे शनिवार सारखेच. ती बँकेत. बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. तिसऱ्या शनिवारी मात्र काउंटर सुरू. आणि वर्षअखेरीला रजा मागायची सोय नाही. मी जरा चिडूनच म्हटलं, ‘‘हे असं अर्धवट कोणी ठरवलं?’’ ती म्हणाली, ‘‘अरे, अर्धवट तरी मिळालीय. माझ्या आजोबांना विचार.’’

आजोबा आता नाहीत. पण ते लालबागला गिरणीत होते. त्या एका वाक्यावरून मी वाचायला बसलो, आणि हॉटेलचं बुकिंग आठवडाभर राहूनच गेलं.

आपण ‘वीकेंड’ असा म्हणतो जणू तो पावसाळ्यासारखा आपोआप येतो. इंग्रजी राज्यात सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, कारण साहेबांना चर्चला जायचं असे. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत? तिथे काम सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे काम जास्त. मधून मधून गिरणी बंद राहिली तरी यंत्रं पुसायला बोलावत, मग अर्धा दिवस त्यातच जायचा.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. जन्म 1848. जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधू’ हे पत्र लोखंड्यांनी 1880 पासून मुंबईतून चालवलं. 1884 मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय होत्या ऐका: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. म्हणजे दुपारी डबा खायला अर्धा तास द्या, हेसुद्धा अर्ज करून मागावं लागत होतं. आमच्याकडे दीडची मीटिंग लावली की स्लॅकवर बंड होतं!

अर्जाने काही लगेच झालं नाही. सहा वर्षं गेली. मग 24 एप्रिल 1890 ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, त्यामुळे त्या बोलल्या यात नवल वाटू नये, पण 1890 साल डोळ्यासमोर आणा आणि मग वाटतं की नाही बघा. शेवटी 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टी कागदावर आली. रविवार हा तसाही खंडोबाचा वार, त्यामुळे हा दिवस घाटावरच्या माणसाला काही परका नव्हता.

व्हॉट्सअॅपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो, ‘भारतात रविवारची सुट्टी लोखंड्यांमुळे’. तो तसाच्या तसा बरोबर नाही. कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. लोखंड्यांनी तो आणला घाम गाळणाऱ्यांसाठी, आणि माझ्या मते हे जास्त मोठं काम आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रुग्णसेवेत उतरले आणि त्याच साथीत फेब्रुवारी 1897 मध्ये गेले. 2005 मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

बरं, सुट्टी मिळाली. आता माथेरानकडे वळू.

1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा डोंगर चढून वर आला. पुस्तकांत लिहितात की त्याने माथेरान ‘शोधलं’. धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून इथे वावरत होते, डोंगराला नावही त्यांच्याच भाषेतलं आहे, माथ्यावरचं रान. पण हवा खायची जागा म्हणून ते साहेबाला सापडलं एवढं खरं. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने रस ​घेतला, रस्ता झाला, बंगले उठले. इंग्रज, पारशी, बोहरी अशी पैसेवाली मंडळी उन्हाळ्यात वर येऊ लागली. मुंबईहून नेरळपर्यंत रेल्वे, आणि तिथून घोडा नाहीतर पालखी. म्हणजे चढ कुणीतरी दुसऱ्यानेच चढायचा.

मग 1904 मध्ये सर आदमजी पीरभॉय यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने नेरळपासून रूळ टाकायला घेतले. 1907 मध्ये गाडी सुरू झाली. खर्च सोळा लाख रुपये, आणि पैसा खासगी. रूळ फक्त दोन फूट रुंद, अंतर साधारण वीस किलोमीटर. मी इंजिनिअरिंग केलंय म्हणून दोन मिनिटं सहन करा: डोंगरात वळणं इतकी तीव्र, की साधं वाफेचं इंजिन तिथे अडकेल. म्हणून या इंजिनांना पोकळ आस असलेली अशी खास चाकं बसवली, जी वळणावर थोडी बाजूला सरकू शकतील. या कामात एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा माणूस होता. तोच तो, ज्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. बार्शीचे श्रोते असाल तर कॉलर टाइट करा.

या मार्गावर एकच बोगदा आहे आणि तो इतका छोटा, की लोकांनी नाव ठेवलं ‘वन किस टनेल’. अंधार तेवढाच वेळ टिकतो म्हणून. माझ्या प्लॅनमधला रोमँटिक भाग म्हणाल तर अधिकृतपणे हाच.

तर आता माझ्या डोक्यातलं गणित जुळलं. 1890 ला रविवार मिळाला, 1907 ला गाडी आली. म्हणजे लालबागचा गिरणी कामगार सकाळी निघाला असता तर बायकोला घेऊन माथेरान बघून रात्री परत येऊ शकला असता. मी मोठ्या उत्साहाने हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘बायको कुठे होती मुंबईत?’’

मी गप्प.

तिच्या आजीला फोन लावला. आजी कणकवलीजवळच्या गावात असते, ऐंशीच्या घरात आहे, ऐकू खणखणीत येतं. विचारलं, आजोबा मुंबईला असताना रविवारी तुम्ही दोघं कुठे फिरायला जायचात का? ती हसायलाच लागली. ‘‘खंयचो आयतवार नि खंयचा काय! ते वर्षाक दोनदा येयत, गणपतीक नि शिमग्याक.’’

कोकणातल्या कितीतरी घरांची ही गोष्ट. पुरुष मुंबईत, गिरणगावातल्या गाळ्यात, एकाच खोलीत दहा-बाराजण, पाळीप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीवाला उठला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीवाला. जेवण खानावळीत. बायको गावात, शेती, गुरं, सासू-सासरे आणि मुलं सांभाळत. दोघांना जोडणारी एक मनीऑर्डर. आजोबांचा रविवार कपडे धुण्यात, बाजारात आणि रात्री भजनात जायचा. हक्काची सुट्टी होती, पण ती घालवायला सोबत बायको नव्हती. आम्ही ज्याला ‘कंट्रीसाइड गेटअवे’ म्हणून पैसे मोजतोय, ते त्यांचं गावच होतं, आणि तिथेच त्यांना जाता येत नव्हतं.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजोबांची गिरणी पुन्हा नीट उभी राहिली नाही. ते गावी परतले. आजी फोनवर म्हणाली, की लग्नानंतर तिने नवऱ्याला सलग महिनाभर घरात पाहिलं ते तेव्हा. तिचा आवाज यावर जड झाला नाही. उलट ती म्हणाली की सुरुवातीला त्यांची अडचणच व्हायची, सारखे मधे मधे यायचे.

फोन ठेवल्यावर आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग बायको म्हणाली, चौथ्या शनिवारचं बघ.

म्हणजे वाढदिवस होऊन एक आठवड्याने. मी आधी हट्ट धरला होता की त्याच तारखेला, रजा टाक, बॉसला सांग. आता तो हट्ट जरा बालिश वाटायला लागला.

राहिली शेवटची भानगड. माथेरानमध्ये मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर. बायकोच्या गुडघ्याचं लिगामेंट मागच्या वर्षी दुखावलंय, त्यामुळे बॅगा घेऊन चढ नको. पर्याय काय? घोडा. किंवा हातरिक्षा, म्हणजे माणूस पुढून ओढणार, मागून ढकलणार. मॅलेटच्या काळातली पालखी, फक्त चाकं लावलेली. लहानपणी आईबाबांबरोबर गेलो तेव्हा मी या रिक्षात बसलोय, आणि मला मजा आली होती, हे कबूल करतो. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही असं म्हणून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात असंही सांगितलं. मला हा निकाल पटतो. फक्त ज्याने वीस वर्षं रिक्षा ओढली त्याच्याच हातात ई-रिक्षाची चावी पडते का, हे तिथे गेल्यावर मी विचारणार आहे.

तर आमचा प्लॅन असा ठरला: शनिवारी पहाटेची कर्जत लोकल, नेरळहून छोटी गाडी, बोगदा, आणि थेट माथेरान स्टेशन. गाडी भरली तर टॅक्सीने दस्तुरी आणि अमन लॉजवरून शटल. हॉटेल स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. पॉइंट्स जमतील तेवढेच. रविवारी संध्याकाळी परत, कारण सोमवारी तिचं काउंटर दहाला उघडतं.

काल आजीला परत फोन केला, ठरलं म्हणून सांगायला. तिने विचारलं, बरोबर कोण कोण? म्हटलं, आम्ही दोघंच. क्षणभर थांबून म्हणाली, ‘‘बरा.’’ आणि मग, ‘‘थंडी आसतली थंय. तिका सांग, कानाक कायतरी गुंडाळ.’’

चला, तुमच्या घरात कोणी गिरणीत होतं का, त्यांचा रविवार कसा जायचा, मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.